जॉबकार्डवर नाही ते बिलात नाही: शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गाडी टाकताना

सकाळी गाडी सर्व्हिसिंगला टाकताना चार हजारांचा अंदाज सांगितलेला असतो आणि संध्याकाळी साडेसहाला काउंटरवर अकरा हजारांचं बिल हातात पडतं. गाडी धुऊन समोर उभी असते, किल्ली काम नोंदवून घेणाऱ्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरकडे असते आणि मागे चार जण रांगेत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘साहेब, काम निघालं, करून टाकलं.’ भिडेपोटी किंवा घरी जायच्या घाईत बहुतेक जण पैसे भरून मोकळे होतात.

न विचारता केलेलं काम आणि अवाच्या सवा लावलेला दर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर जॉबकार्डात, म्हणजे गाडी टाकताना कामांची यादी लिहून तुमची सही घेतात त्या कागदात असतं, दुसऱ्याचं पार्टच्या पाकिटावर. पहिल्यांदाच गाडी घेतलेल्या सोलापूरकरांना हे दोन कागद कसे वापरायचे, आणि एवढं करूनही वर्कशॉप ऐकत नसेल तर पुढे कुठे जायचं, ते क्रमाने पाहू. दुचाकी असो वा चारचाकी, पद्धत तीच.

१. जाण्याच्या आदल्या दिवशी: पुस्तिका उघडा

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत मेंटेनन्सचं वेळापत्रक असतं. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी कोणता भाग तपासायचा, कोणता साफ करायचा आणि कोणता बदलायचा, याचा तक्ता. ‘तपासणे’ आणि ‘बदलणे’ यांच्या खुणा वेगळ्या असतात, आणि बिल फुगतं ते नेमकं या दोन खुणांच्या मध्ये. तपासायचा भाग बदलला जातो. तुमच्या किलोमीटरच्या रकान्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. पुस्तिका हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते.

दुसरी गोष्ट तेलाची. तुमच्या इंजिनात किती तेल बसतं आणि ते कोणत्या ग्रेडचं, हे त्याच पुस्तिकेत मागच्या पानांवर छापलेलं असतं. लहान पेट्रोल कारला साधारण ३ ते ४ लिटर लागतं, १०० ते १२५ सीसीच्या मोटरसायकलला ८०० मिली ते १ लिटर. हा आकडा लिहून घ्या, बिल तपासताना लागेल.

तिसरी गोष्ट ‘फ्री सर्व्हिस’ची. फुकट असते ती मजुरी. तेल, फिल्टर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) यांचे पैसे द्यावेच लागतात. हे आधी माहीत नसलं की पहिल्याच बिलावर नको तो वाद होतो आणि पुढे खऱ्या तक्रारीलाही कोणी गांभीर्याने घेत नाही.

सोबत न्यायचं: आरसी, विम्याची प्रत, वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद, मागच्या सर्व्हिसचं बिल. मागचं बिल विसरू नका. गेल्या खेपेला बदललेला फिल्टर या खेपेला पुन्हा ‘खराब’ निघतो, तेव्हा तोच कागद कामाला येतो.

गाडी सोडण्याआधी मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा: चारही बाजू, चारही टायर (टायरवरच्या तारखेच्या आकड्यांसह), बॅटरीचा अनुक्रमांक, डॅशबोर्डवरचे किलोमीटर आणि इंधनाचा काटा. कामाच्या नावाखाली पाच-दहा किलोमीटरची टेस्ट ड्राइव्ह समजण्यासारखी आहे, चाळीस किलोमीटर नाही.

२. काउंटरवर: जॉबकार्ड हाच करार

अ‍ॅडव्हायझर संगणकावर भराभर टाइप करतो, कागद पुढे सरकवतो आणि ‘इथे सही’ म्हणतो. इथे पाच मिनिटं थांबा. तुमची सही झालेलं जॉबकार्ड म्हणजे तुम्ही कोणत्या कामाला होकार दिला याचा लेखी पुरावा, आणि पुढे ग्राहक आयोगापर्यंत जायची वेळ आली तरी पहिला कागद हाच मागतात.

जॉबकार्डवर हे हवंच: तारीख आणि वेळ, किलोमीटर, इंधनाची पातळी, तुम्ही सांगितलेल्या तक्रारी तुमच्याच शब्दांत, करायच्या कामांची यादी, प्रत्येकाचा अंदाजे खर्च, आणि गाडी परत मिळण्याची वेळ. ‘जनरल चेकअप’, ‘आवश्यक ती सर्व कामे’, ‘अ‍ॅज पर रिक्वायरमेंट’ अशी ओळ दिसली तर ती खोडायला सांगा. कोऱ्या धनादेशावर सही केल्यासारखीच ती ओळ आहे.

सहीच्या वर स्वतःच्या हाताने एवढं लिहा:

‘वरील कामांव्यतिरिक्त कोणतेही काम किंवा पार्ट माझ्या लेखी संमतीशिवाय करू नये. बदललेले जुने पार्ट परत द्यावेत.’

अ‍ॅडव्हायझर म्हणेल, सिस्टीममध्ये हे टाकता येत नाही. सिस्टीममध्ये नसलं तरी छापील प्रतीवर पेनाने लिहिता येतं. मग त्या प्रतीचा फोटो काढा आणि अ‍ॅडव्हायझरच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा. पाठवल्याची तारीख आणि वेळ तिथे आपोआप नोंदली जाते.

इथे नवा सापळा ओटीपीचा आहे. काही वर्कशॉपमध्ये आता कागदच देत नाहीत. मोबाइलवर ओटीपी येतो, तो सांगितला की जॉबकार्ड ‘मंजूर’. ‘साहेब, फक्त नोंदणीसाठी आहे’ असं सांगितलं जातं, पण त्या ओटीपीमागे अंदाजपत्रकाची मंजुरीही असू शकते. मेसेज पूर्ण वाचा, त्यात लिंक असेल तर उघडून यादी पाहा, मगच आकडे सांगा. गाडी घरून नेणाऱ्या ड्रायव्हरला फोनवर ओटीपी देऊ नका. पिकअप-ड्रॉपची सोय घेतली तर जॉबकार्डची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याशिवाय काम सुरू करू नये, असा मेसेज आधीच टाकून ठेवा.

जुन्या पार्टबद्दल एक खुलासा: वॉरंटीत फुकट बदललेला पार्ट कंपनीकडे परत जातो, तो तुम्हाला मिळत नाही. जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये दिली तर तीही नाही, मात्र तिची वजावट बिलात दिसली पाहिजे. पैसे देऊन बदललेले ब्रेक पॅड, फिल्टर, प्लग, बेल्ट मागायचा हक्क तुमचा. जुना पार्ट दाखवताच येत नसेल तर नवा बसलाच नसण्याची शंका घ्यायला जागा आहे.

३. दुपारी फोन येतो तेव्हा

साधारण बारा ते दोनच्या दरम्यान फोन येतो. तुम्ही ऑफिसात किंवा कारखान्यात असता. ‘साहेब, ब्रेक पॅड गेलेत, सस्पेन्शनचा बुश गेलाय, टाकून घेऊ का? नाहीतर गाडी आज मिळणार नाही.’ घाईत ‘बरं, टाका’ एवढं तोंडातून निघालं की संमती झाली, आणि किती रुपयांना ते कुणीच बोललेलं नसतं.

फोनवर होकारही देऊ नका आणि नकारही. एवढंच म्हणा: ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, बघून सांगतो.’ आणि लगेच हा मेसेज टाका:

‘आपण सुचवलेल्या प्रत्येक कामासाठी पाठवा: १) भागाचा फोटो किंवा व्हिडिओ, शक्य तिथे मोजमाप. २) पार्ट नंबर आणि एमआरपी. ३) मजुरी. ४) हे काम आज केलं नाही तर काय होईल. माझं लेखी उत्तर येईपर्यंत काम करू नये.’

काम खरं असेल तर दहा मिनिटांत फोटो येतो. येत नसेल तर बहुधा काम तितकं निकडीचं नव्हतं.

आलेल्या उत्तरात सुरक्षेची कामं आणि बाकीची कामं वेगळी करा. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, इंधनाची गळती यांत चालढकल नको, पण त्यांचीही किंमत आधी कळली पाहिजे. बाकीच्यांसाठी ‘हे काम आज नको, पुढे पाहू’ असं लिहून कळवा. पार्ट नंबर हातात आला की तुमच्या ओळखीच्या स्पेअर पार्टवाल्याकडे फोन करून एमआरपी पडताळता येते. एकाच कंपनीच्या एकाच नंबरच्या पार्टची एमआरपी दुकान बदललं म्हणून बदलत नाही.

४. कोणतं काम खरं, कोणतं गळ्यात मारलेलं

सोलापूरचं हवामान इथे मोजावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, बाकी वर्षभर धूळ, आणि बोअरचं पाणी जड. काही कामं पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या आधीच करावी लागतात, तर काहींची इथे गरजच नसते.

एअर फिल्टर: बहुतेक कारमध्ये तो मध्ये साफ करायचा आणि साधारण २० ते ४० हजार किलोमीटरला बदलायचा असतो. पण रोज बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या कच्च्या रस्त्यांवर किंवा हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी चालत असेल तर लवकर बदलणं योग्य. समोर काढायला सांगा आणि मागून मोबाइलचा टॉर्च धरा. प्रकाश पलीकडे दिसला तर साफ करून चालतो, दिसत नसेल तर बदला.

एसीचा केबिन फिल्टर: बऱ्याच गाड्यांत हा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि घरी पाच मिनिटांत निघतो. तो खरोखर चोंदतो. पण याच्या आडून ‘एसी डिसइन्फेक्शन’, ‘इव्हॅपोरेटर क्लीनिंग’ आणि सुगंधी फवारा अशा तीन ओळी बिलात चढतात. वास येत नसेल आणि हवेचा झोत ठीक असेल तर फिल्टर पुरे.

एसीचा गॅस: ही बंद प्रणाली आहे. पेट्रोलसारखा गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता गॅस भरला तर पुढच्या उन्हाळ्यात तेच बिल पुन्हा. आधी लीक टेस्ट करायला सांगा. किती ग्रॅम गॅस बसतो ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. बिलातले ग्रॅम त्याच्याशी जुळवा.

कूलंट: उन्हाळ्यात याच्याकडे दुर्लक्ष करू नका, आणि जड पाण्याने पातळी भरू नका, रेडिएटरमध्ये क्षार धरतात. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांत लाँग लाइफ कूलंट असतं. त्याची पहिली बदली लाख किलोमीटरच्याही पुढे असू शकते. पुस्तिका पाहिल्याशिवाय ‘दर वर्षी बदलावं लागतं’ हे मानू नका.

बॅटरी: उष्णतेने तिचं आयुष्य कमी होतं, त्यामुळे इथे तीन-चार वर्षांत ती जाणं अशक्य नाही. पण ‘वीक आहे’ या शब्दावर नवी घेऊ नका. टेस्टरची छापील पट्टी मागा. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असतील तर बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही सहसा ठीक असतात. बॅटरीची वॉरंटी वेगळी असते, तिचं कार्ड शोधा. वॉरंटीतली बॅटरी काढून पैसे लावून नवी बसवणं हा नेहमीचा प्रकार आहे.

ब्रेक पॅड: नवा पॅड साधारण १० मिलीमीटर जाड असतो आणि ३ मिलीमीटरच्या आसपास आला की बदलतात. ‘६० टक्के गेलेत’ या आकड्याला अर्थ नाही, मिलीमीटर विचारा. ‘ब्रेक क्लीनिंग’ हे काम पेड सर्व्हिसच्या मजुरीत आधीच धरलेलं असतं का, तेही विचारा. बऱ्याचदा धरलेलं असतं, आणि तरी वेगळी ओळ लागते.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग: स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, हायवेवर थरथरत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तर करून घ्या. अलाइनमेंटची आधीची आणि नंतरची छापील पट्टी मागा. आधीचेच आकडे मर्यादेत असतील तर काम गरजेचं नव्हतं. बॅलन्सिंगची वजनं ग्रॅमवर लावतात, तेवढी वजनं चाकावर दिसली पाहिजेत.

इंजिन फ्लश, डिकार्बनायझेशन, इंजेक्टर क्लीनिंग, इंधनात टाकायची बाटली, इंजिन ड्रेसिंग, सायलेन्सर कोटिंग, टेफ्लॉन: यातलं बहुतेक काहीच वेळापत्रकात नसतं. गाडीला धक्के बसत असतील, मायलेज खरोखर पडलं असेल तर त्याचं निदान आधी हवं. दर सर्व्हिसला सवयीने घालायची ही कामं नाहीत. अंडरबॉडी कोटिंगही त्यातलंच. कोकणातली खारी हवा आणि तिथला पाऊस सोलापुरात नाही.

तेल: बॅरलमधून भरलेलं तेल बिलात लिटरवर लागतं. पुस्तिकेत ३.१ लिटर आणि बिलात ४ लिटर असेल तर विचारा. पेट्रोल पंपावर शून्य पाहतो तसंच हे आहे. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं, वरच्या खुणेच्या वर गेलेलंही चांगलं नाही. दुचाकीला १ लिटरची बाटली फोडून ८०० मिली भरलं तर उरलेलं २०० मिली तुमचं. बाटलीसकट मागून घ्या.

५. गाडी ताब्यात घेताना: आधी बिल, मग पैसे, मग गेट पास

संध्याकाळी सहानंतर काउंटरवर गर्दी असते. जमलं तर पाचच्या आत जा. नाहीतर ‘प्रोफॉर्मा बिल दुपारीच व्हॉट्सअ‍ॅप करा’ असं सकाळीच सांगून ठेवा. बिल आणि जॉबकार्ड शेजारी ठेवून एकेक ओळ टिक करत जा.

एमआरपीवर जीएसटी: सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. पाकिटावरची एमआरपी सर्व करांसह असते. समजा ब्रेक पॅडच्या पाकिटावर १,८०० रुपये छापलंय. बिलात मूळ किंमत १,५२५.४२ आणि १८ टक्के जीएसटी २७४.५८ असे मिळून १,८०० आले तर बरोबर. पण मूळ किंमतच १,८०० धरून वर ३२४ जीएसटी लावला आणि २,१२४ केले, तर ती एमआरपीपेक्षा जादा विक्री झाली. ती वैध मापन (वजन-मापांच्या) कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून रिकामी पाकिटं मागा आणि लेबलचे फोटो काढा. पाकीट ‘फेकलं’ म्हणाले तर पार्ट नंबरवरून एमआरपी संगणकात दाखवायला सांगा.

जीएसटीचा दर: २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्क्यांचा दर जाऊन १८ टक्के झाला. मजुरीवर आधीपासून १८ टक्केच आहे. आजच्या बिलात कुठे २८ दिसले तर लगेच बोट ठेवा. बिलावर १५ अंकी जीएसटी क्रमांक हवा, महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. ‘कच्चं बिल घ्या, जीएसटी वाचेल’ ही सूट घेऊ नका. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटीही नाही आणि तक्रारही उभी राहत नाही.

दुहेरी मजुरी: एकाच उघडझाकीची दोनदा मजुरी लागते. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवला असेल तर त्याच वेळच्या गिअर ऑइल बदलीची पूर्ण वेगळी मजुरी कशाला? पेड सर्व्हिसची एकगठ्ठा मजुरी लावून पुन्हा ऑइल बदली, फिल्टर बदली, वॉशिंग यांच्या ओळी असतील तर ‘पेड सर्व्हिसच्या मजुरीत नेमकं काय येतं, त्याची यादी द्या’ असं विचारा. वर्कशॉपकडे कामनिहाय ठरलेले दर असतात.

‘कन्झ्युमेबल्स’, ‘शॉप सप्लाइज’, ‘मिसलेनियस’ अशा नावांनी आलेल्या ओळींचा तपशील मागा. ग्रीस, क्लीनर, कापड किती आणि कुठे वापरलं ते सांगता आलं नाही, तर ओळ काढायला लावा. बहुतेकदा निघते.

मग गाडीजवळ जा. नवे पार्ट नवे दिसतात का, जुने पार्ट डिकीत ठेवलेत का, बॅटरीचा अनुक्रमांक आणि टायर सकाळच्या व्हिडिओतलेच आहेत का, किलोमीटर किती वाढले. गाडी एक फेरी चालवून पाहा. ‘सॅटिस्फॅक्शन नोट’वर, म्हणजे काम समाधानकारक झालं असं लिहून देण्याच्या कागदावर, या सगळ्याच्या आधी सही करू नका. तक्रार असेल तर त्याच कागदावर लिहा.

६. वादाचे पैसे भरायचे का?

तुमची गाडी आहे म्हणून ती उचलून नेता येईल, असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्च केलेल्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. पण तो हक्क ज्या कामासाठी वस्तू दिली त्याच कामापुरता. जॉबकार्डवरच्या कामाचे पैसे दिल्यावर, न सांगितलेल्या कामासाठी गाडी अडवून धरायला या कलमाचा आधार मिळत नाही.

म्हणून आधी मंजूर कामांची रक्कम देऊ करा, आणि ती देऊ केल्याचं लेखी कळवा. वर्क्स मॅनेजरला बोलवा. अ‍ॅडव्हायझरशी घासाघीस करण्यात अर्थ नसतो, सवलत किंवा ओळ काढण्याचा अधिकार बहुतेक वेळा वरच्याकडे असतो. तरीही गाडी सोडत नसतील तर दोन वाटा आहेत.

गाडीची गरज असेल तर पूर्ण रक्कम हरकत नोंदवून भरा. बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहा: ‘ओळ क्र. अमुक, तमुक या कामांना माझी संमती नव्हती. हरकत राखून रक्कम भरत आहे.’ त्यांनी प्रतीवर लिहू दिलं नाही तर तेच वाक्य त्याच मिनिटाला ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. यूपीआयने पैसे देताना नोंदीच्या चौकटीत ‘हरकतीसह’ लिहा. रोख देऊ नका.

गाडी सोडून जायचं ठरवलं तर मागे लेखी पत्र ठेवा, नाहीतर काही दिवसांनी ‘पार्किंग चार्ज’ लागतो. हुज्जत, धक्काबुक्की, जबरदस्तीने किल्ली घेणं टाळा. त्यातून उलट तुमच्यावरच तक्रार होते.

‘काम चांगलं झालंय, तुमचाच फायदा झालाय’ असं सांगितलं जाईल. न मागितलेला पार्ट तुम्हाला नको असेल तर त्याच वेळी ‘हा काढून जुना बसवून द्या’ असं लेखी म्हणा. गप्प राहून महिनाभर वापरलात तर तुमची बाजू कमजोर होते.

७. लेखी तक्रार: दोन दिवसांच्या आत

क्रम असा ठेवा: वर्क्स मॅनेजर, मग डीलरशिपचे मालक किंवा जनरल मॅनेजर, आणि त्याच दिवशी कंपनीचं कस्टमर केअर. कंपनीकडून तक्रार क्रमांक घ्या आणि विभागीय सर्व्हिस अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायला सांगा. तोंडी तक्रारीला किंमत नाही, ई-मेलच करा. मजकूर छोटा आणि आकड्यांचा असू द्या:

‘दिनांक ___ रोजी जॉबकार्ड क्र. ___ अन्वये वाहन एमएच १३ ___ सर्व्हिसिंगसाठी दिले. मंजूर अंदाज रु. ___. बिल क्र. ___ रु. ___. पुढील कामे माझ्या संमतीविना केली: ___. पुढील पार्टवर एमआरपीपेक्षा जादा आकारणी: ___. एकूण रु. ___ सात दिवसांत परत करावेत. जॉबकार्ड, बिल, पाकिटांचे फोटो सोबत जोडले आहेत.’

रागाचे शब्द, ‘चोर’, ‘लुटारू’ वगैरे लिहू नका. तेच ई-मेल पुढे आयोगासमोर वाचलं जाणार आहे.

दोन-तीन दिवसांत कंपनीचा फीडबॅकचा फोन येतो. त्याआधी अ‍ॅडव्हायझर ‘दहापैकी दहा द्या’ म्हणून विनवतो, कारण त्या गुणांवर त्याचं आणि वर्कशॉपचं मूल्यमापन होतं. खरं ते सांगा. पैसे परत करण्याचं आश्वासन मिळालं असेल तरी पैसे खात्यात आल्यावरच समाधान नोंदवा.

वॉरंटी जाईल ही धमकी इथेच मिळते: ‘बाहेरच्या गॅरेजला दाखवलं तर वॉरंटी रद्द.’ भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची बाजारपेठ बांधून ठेवल्याबद्दलच. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट ठेवू नये, असंही त्या आदेशात होतं. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर दावा नाकारला जाऊ शकतो, त्यामुळे वॉरंटीच्या काळात ठरलेल्या सर्व्हिस वेळेवर करून बिलं जपा. पण बाहेरून टायर किंवा वायपर घेतला म्हणून इंजिनची वॉरंटी जात नाही.

८. तरीही दाद नाही: १९१५, नोटीस आणि आयोग

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. ते तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात, पण त्यांचा शब्द बंधनकारक आदेश नसतो. बऱ्याच छोट्या रकमांचे वाद मात्र इथेच मिटतात, म्हणून हा टप्पा वगळू नका. एमआरपीपेक्षा जादा आकारणीची तक्रार वेगळी, जिल्ह्यातल्या वैध मापन कार्यालयात द्या.

आरटीओत जाऊ नका, सर्व्हिसच्या बिलाचा निवाडा त्यांच्याकडे नाही. पोलिसांकडे जायचं ते गाडीतला भाग बदलून चोरला किंवा गाडी परस्पर वापरली असा पुरावा असेल तेव्हा.

नंतर डीलरला १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने, पोहोचीसह पाठवा. पार्ट सदोष असेल किंवा वॉरंटी नाकारली असेल तर कंपनीलाही. नोटीस स्वतः लिहिली तरी चालते.

पुढचा टप्पा सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही येतं. जुना किंवा दुरुस्त केलेला पार्ट नवा म्हणून देणं आणि बिल न देणं या अनुचित व्यापारी प्रथा आहेत. तक्रारीत हे शब्द तसेच वापरा.

दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. गाडी पुण्यात किंवा हैदराबादला जाताना वाटेत दुसऱ्या जिल्ह्यात दुरुस्त केली असली, तरी तुम्ही राहता किंवा काम करता तिथे, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. वकील बंधनकारक नाही. तक्रार मराठीत लिहिता येते आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइनही दाखल होते.

गाडी धंद्याची असेल तर एक अडचण येते. व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. पण रिक्षा, टेम्पो किंवा टॅक्सी स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून चालवत असाल तर तुम्ही ग्राहकच आहात. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे स्पष्ट लिहा, नाहीतर समोरची बाजू पहिला आक्षेप हाच घेते.

जोडायचे कागद: जॉबकार्ड, अंदाजपत्रक, बिल, पैसे भरल्याची नोंद, आरसी, पुस्तिकेतलं वेळापत्रक, पाकिटांचे आणि जुन्या पार्टचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप आणि ई-मेलच्या छापील प्रती, १९१५ चा तक्रार क्रमांक, नोटीस आणि तिची पोहोच, आणि प्रतिज्ञापत्र. मोबाइलमधल्या पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) जोडा. मूळ चॅट पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा. काम चुकीचं किंवा अनावश्यक होतं असा मुद्दा असेल तर दुसऱ्या अनुभवी मेकॅनिकचा सही-शिक्क्याचा लेखी अहवाल घ्या, आणि तोवर त्या भागाला कुणाला हात लावू देऊ नका. एकदा पुन्हा उघडला की आधी काय झालं होतं ते सिद्ध करणं अवघड होतं.

मागणी नेमकी ठेवा: जादा घेतलेली रक्कम, तिच्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. सात हजारांच्या वादात पाच लाखांची भरपाई मागितली तर मूळ मुद्दाच हलका होतो. समोरच्या बाजूला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. कायद्यात निकालाची मुदत ३ महिने आहे, तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्यामुळे प्रत्येक तारखेला हजर राहा. सुनावणीआधी डीलरने तडजोड देऊ केली तर रक्कम, तारीख आणि भरण्याची पद्धत लिहून आयोगासमोर नोंदवून घ्या. निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे अपिलासाठी आदेशापासून ४५ दिवस असतात.